बोलून लावायचा दिवा

लोहाऱ्यात बोलून लागणारा पहिला दिवा मी लावला. दुसरं कुणी तसा दावा करत असेल तर त्यानं माझ्या दुकानात यावं, मी त्याला चहा पाजून त्याची चूक समजावून सांगेन. स्टँडकडून तहसीलकडं जाणाऱ्या रस्त्याला माझं लाइटच्या सामानाचं दुकान आहे. माहेर उमरग्याचं. तिथं हायवेला वडलांचं असंच दुकान होतं आणि ट्रकांचे हॉर्न ऐकत ऐकत मी होल्डरमध्ये वायर कसायला शिकले. लग्न होऊन इथं आले तेव्हा सून ब्लाउजला पिना लावायच्या ऐवजी टेस्टर अडकवून फिरते म्हणून गल्लीत चर्चा झाली होती. आता त्याच गल्लीतले फ्यूज मी बांधून देते.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं माझी एक मोठी चूक येणार आहे. ती वाचून कुणी असं समजू नये की हिला कामातलं कळत नाही. काम मला चांगलं कळतं. माणसाचं कळायला वेळ लागला.

दिवा लावला तो सासऱ्यांसाठी. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्या. मामा इथल्या शाळेत पी.टी.चे सर होते. शाळेचं मैदान आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून आहे. नोकरीभर त्यांनी लाउडस्पीकर हातात धरला नाही. त्यांनी ‘सावधान’ म्हटलं की मैदानावरची पोरं ताठ व्हायचीच, पण रस्त्यानं जाणारा एखादा जुना विद्यार्थीही हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून उभा राहायचा. थट्टा नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. घरात मात्र त्यांचा आवाज चढल्याचं मला आठवत नाही. चढवायची गरजच पडत नव्हती.

गणपती उठल्यावर आठवड्याभरात एका सकाळी दाढी करता करता मामा खाली बसले ते उठलेच नाहीत. आधी उमरग्याला नेलं, तिथून सोलापूरला. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, आणि बोलणं गेलं. कळायचं त्यांना सगळं. शेतातलं सोयाबीन काढायला आलंय का नाही यावर आमच्या ह्यांचं बोलणं चालू असलं की मामा बरोबर जागी मान हलवायचे. पण स्वतः बोलायला गेले की ‘ते… ते…’ एवढंच बाहेर यायचं. मग ते ओठ मिटून घ्यायचे. पुढं पुढं तर ते उघडेनासेच झाले. भेटायला कुणी आलं की भिंतीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग घ्यायचे. ज्यांचा आवाज अख्ख्या गावानं ऐकला होता त्यांना ‘ते, ते’ करताना कुणी बघू नये असं वाटत असणार. मला ते बघवत नव्हतं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. पहिले सहा महिने महत्त्वाचे. या दिवसांत बोलणं जेवढं परत येईल तेवढं येईल, नंतर ते फार हळू येतं, कधी येतही नाही. म्हणून त्यांना बोलतं करा. त्यासाठी त्यांनी तिथल्याच एका स्पीच थेरपिस्टकडं पाठवलं. वयानं माझ्याहून निम्मी असेल अशी मुलगी. तिनं मामांना चित्रं दाखवली, तोंडाचे व्यायाम शिकवले आणि मग मला विचारलं, “घरात त्यांना बोलायची गरज पडते का?”

मी मान ताठ करून म्हणाले, “मुळीच नाही. मागायच्या आधी सगळं हातात देतो आम्ही.”

ती म्हणाली, “तेच जरा कमी करा.”

मला राग आला. आमच्या भागात चांगल्या सुनेची एकच खूण सांगतात, मोठ्या माणसावर तोंड उघडून मागायची वेळ आणायची नाही. मामा बैठकीतून नुसते खाकरले की आत तांब्या भरला जायचा. जेवताना त्यांची नजर कुठल्या वाटीकडं जाते ते बघून आत्या वाढायच्या. आत्यांचं लग्नापासूनचं शिक्षण ते, आणि त्यांनी ते मला दिलं. आता ही परकर-पोलक्यातून कालपरवा बाहेर आलेली मुलगी मला सांगणार की आजारी माणसाला पाणी देऊ नका. परतीच्या एसटीत मी ह्यांना म्हणाले, “शिकलेली असंल, पण घर चालवलेलं दिसत न्हाय.” हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, “व्हय.” आमचे हे बहुतेक गोष्टींना व्हयच म्हणतात, भांडण लागलं की मात्र त्यांना आई आठवते.

असे तीन महिने गेले. पाय जरा सुधारला, काठी धरून मामा मोरीपर्यंत जाऊ लागले. तोंडातून ‘ते’च्या पुढं काही आलं नाही.

डिसेंबर लागला होता. एका संध्याकाळी मी दुकान ह्यांच्यावर सोपवून लवकर घरी आले. आत्या शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. बाहेर दिवेलागण झालेली आणि मामांच्या खोलीत अंधार. मला वाटलं झोपलेत. बटण दाबलं तर मामा पलंगावर बसलेले, डोळे उघडे, डावा हात मांडीवर. बटणांचा बोर्ड दाराजवळ आहे, पलंगापासून सात-आठ पावलं. उठायचं तर अंधारात पडायची भीती. शेजारच्या अंगणात पाच-सहा बायका बसलेल्या, मामांनी एक हाक मारली असती तरी कुणीतरी धावलं असतं. पण हाक मारायची म्हणजे तोंडातून ‘ते’ काढायचं, आणि ते बाहेरच्या बायकांनी ऐकायचं. म्हणून ते अंधार पडल्यापासून तसेच बसले होते. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी हातपाय हलवते, रडत बसत नाही.

महिन्याभरापूर्वीच कंपनीचा माणूस दुकानात चार स्मार्ट बल्ब आणि एक बोलणारी डबी ठेवून गेला होता. गावात कोण घेणार म्हणून मी ती कपाटात टाकली होती. दुसऱ्या दिवशी ती घरी आणली. मनात हिशेब सरळ होता. उठायचं नाही, कुणाला हाक मारायची नाही, डबीला सांगायचं आणि दिवा लागणार. डबीसमोर कसली आलीय लाज.

आत्यांनी खोक्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “माणसाला बोलता येईना अन् तू बोलून लावायचे दिवे आनलीस. टकल्याला कंगवा आनल्यावानी झालं की ग हे.”

मी म्हणाले, “आत्या, बघा तर खरं तुम्ही.”

मांडणी करायला मला दोन दिवस लागले, ते मी कबूल करते. बल्ब होल्डरला लावला की तो स्वतःच उघडझाप करतो, म्हणजे ओळख करून घ्यायला तयार आहे. मग मोबाइलमधून त्याला घरच्या वायफायशी जोडायचं. आमचा राउटर दोन नावांनी वायफाय देतो आणि बल्बला त्यातलं जुन्या पद्धतीचंच चालतं, हे कळेपर्यंत एक संध्याकाळ गेली. मग खोलीला नाव द्यायचं, बल्बला नाव द्यायचं, डबीची आणि बल्बची सोयरीक जुळवायची. लाइट गेली तरी वायफाय बंद पडू नये म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घेतला. डबीला हिंदी येतं, मराठी येत नाही. पण लोहाऱ्यात कुणाला हिंदी येत नाही? आमची दखनी कानावर पडली की ती डबी जरा विचारात पडते एवढंच.

खरा त्रास भिंतीवरच्या बटणाचा झाला. बल्ब हुशार असला तरी बटण बंद केलं की त्याची हुशारी संपते, तो कुणाचंच ऐकत नाही. आणि खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायचं हे आत्यांच्या हाडात मुरलेलं. दिवसातून चार वेळा त्या माझा दिवा मारून टाकायच्या. शेवटी मी बटण चालू करून त्यावर काळी टेप चिकटवली. आत्या म्हणाल्या, “बांधून ठिवलंस व्हय त्याला? काय पाप केलं त्यानं?”

सगळं जमल्यावर मी डबी मामांच्या उशाशी डाव्या हाताला ठेवली, तिला तिच्या नावानं हाक मारली आणि म्हणाले, “लाइट चालू करो.” दिवा लागला. मामांच्या भुवया वर गेल्या. ह्यांनी “बंद करो” म्हटलं, विझला. शेजारची बाई बघायला आली, तिनंही लावून बघितला. आत्या आधी लांबच उभ्या होत्या, पण दुसऱ्या दिवशी मी दुकानातून आले तर त्या पलंगाजवळ बसून डबीला दरडावत होत्या, “ये, बत्ती लगाव.” आणि बत्ती लागत होती. मला छाती फुगल्यासारखं झालं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ऐकवलं, आमच्या घरात दिवे बोलून लागतात.

पंधरा दिवस असे मजेत गेले. आणि त्या पंधरा दिवसांत मामांनी एकदाही दिवा लावला नाही.

लावणार कसा? अंधारून आलं की आत्या पुढं. आत्या नसल्या की मी. मामांनी मान वळवून डबीकडं नुसतं बघितलं तरी बाहेरून ह्यांचा आवाज यायचा, “लाइट चालू करो.” पूर्वी तांब्या भरला जायचा, आता दिवा लागायचा, एवढाच फरक. एकदा मी दारात उभी असताना मामांनी तोंड उघडलं. घशातून काहीतरी वर येत होतं, मान पुढं झाली होती. “ते… ते…” आणि मी पटकन म्हणून टाकलं. दिवा लागला. मामांनी तोंड मिटलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मी स्वयंपाकघरात निघून गेले. तरी मला कळलं नाही. मी समजले त्यांना भूक लागलीय.

कळलं ते पुढच्या रविवारी. मी मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होते आणि मामांच्या खोलीची खिडकी उघडी होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. डबीच्या डोक्यावर एक बटण असतं, ते दाबलं की तिला हाक मारावी लागत नाही, ती ऐकायला लागते. मी ते मामांना एकदा दाखवलं होतं. आतून ते दाबल्याचा आवाज आला. मग मामा, “ते… ते…” डबी दोन-तीन क्षण थांबली आणि म्हणाली, “माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई.” पुन्हा बटण. पुन्हा “ते…” पुन्हा माफी. असं सहा-सात वेळा. मी हातात ओलं धोतर धरून उभी. ते कुणी नसताना एकटे सराव करत होते. डबी त्यांना दोन-तीन क्षण देत होती. आम्ही तेवढेही देत नव्हतो.

त्या पोरीनं सोलापुरात एका वाक्यात सांगितलेली गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला तीन महिने आणि चार बल्ब लागले. डोळ्यांत पाणी आलं ते आधी स्वतःवरच्या रागाचं होतं. सेवा सेवा म्हणत आम्ही त्या माणसाच्या तोंडातला शब्द काढून घेत होतो, आणि त्यात सगळ्यात पुढं मी. दुकानात गिऱ्हाईक “ते हे द्या, ते…” म्हणतं तोवर मी वस्तू काउंटरवर ठेवते, आणि त्याचीच मला ऐट.

संध्याकाळी मी जाहीर केलं. आजपासून मामांच्या खोलीतला दिवा मामाच लावतील. दुसऱ्या कुणी डबीशी बोलायचं नाही आणि टेप काढून बटणाला हात लावायचा नाही.

आत्या उभ्याच राहिल्या. “अन् लागला न्हाय तर?”

“तर बसू अंधारात. सगळेच बसू.”

“आजारी माणसाला अंधारात बसवतीस? लोक काय म्हनतील, ह्या घरात दिवाबत्तीला माणूस न्हाय?”

ह्यांनी लगेच सूर धरला. “आई म्हनती ते बरोबर हाय. दुकानातलं दुकानात ठिव तू.”

मी म्हणाले, “सहा महिन्यातले साडेतीन गेलेत. उरलेल्या अडीचात मामा बोलले न्हाईत तर आयुष्यभर तुमी त्यांच्या नजरेकडं बघून ओळखत बसा. मला न्हाय जमायचं ते.”

हे मी मामांच्या समोर बोलले. त्यांना तुमचं काय म्हणणं असं मी विचारलं नाही. तेव्हा ते मला सुचलंही नाही.

पहिल्या संध्याकाळी आम्ही चौघं अंधारात बसलो. मामांनी तीन वेळा डबीचं बटण दाबलं आणि तीन वेळा माफी ऐकली. आत्यांचा पदराआड रडण्याचा आवाज येत होता. जेवायची वेळ झाली तेव्हा मी स्वयंपाकघरातला दिवा लावून दार उघडं ठेवलं आणि त्या उजेडात त्यांना जेवायला वाढलं. दुसऱ्या संध्याकाळी मामांनी बटणच दाबलं नाही. आत्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. शेजारणीला सांगताना मी ऐकलं, “लाइटवाल्याची लेक केली, अन् अंधार बघायची पाळी आली.” वाक्य चांगलं होतं, दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मी हसले असते. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की आपण चुकतोय आणि माघार घ्यावी.

तिसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला मी घरी आले, टेप काढून टाकायची असं ठरवूनच. मागच्या मैदानावर प्रजासत्ताक दिनाच्या परेडची तयारी सुरू झाली होती. तिथले आताचे पी.टी.चे सर मामांचेच विद्यार्थी. ते लाउडस्पीकरवर पोरांना हुकूम देत होते. “विश्राम… सावधान…” मी चपला काढत होते तेव्हा मला आवाज दोनदा ऐकू आला. एकदा मैदानावरून, आणि एकदा मामांच्या खोलीतून.

मी हातात चपला घेऊन दारापर्यंत गेले. मामा डोळे मिटून पलंगावर बसले होते. लाउडस्पीकर ‘विश्राम’ म्हणायच्या किंचित आधी ते म्हणाले, “विश्राम.” स्वच्छ. एकही अक्षर अडखळलं नाही. मग “सावधान.” मग डावा हात मांडीवर आपटत, “एक दोन, एक दोन.” जणू त्या शब्दांना आजाराची कुणी बातमीच दिली नव्हती. त्यांनी डोळे उघडले, मला बघितलं आणि काही सांगायला गेले. “ते… ते…”

मी पहिल्यांदाच पुढचा शब्द पुरवला नाही. बाहेर येऊन सोलापूरला फोन लावला. ती मुलगी म्हणाली, असं होतं. आयुष्यभर हजारदा म्हटलेलं, मोजलेलं, पाठ असलेलं पुष्कळदा शाबूत राहतं, तिथूनच बाकीच्या शब्दांना बाहेर काढायचं. मी तिला म्हणाले, “तुमचं तेव्हाच बरोबर होतं.” असं म्हणायची मला सवय नाही, त्यामुळं ते जरा मोठ्यानं निघालं.

मग मी मोबाइल घेऊन मामांच्या पलंगावर बसले. त्या डबीत अशी सोय आहे की आपण आपला शब्द ठरवायचा आणि तो ऐकला की तिनं काय करायचं ते लिहून ठेवायचं. ‘लाइट चालू करो’ हे कुणीतरी लांबच्या माणसानं ठरवलेलं वाक्य, तेच म्हटलं पाहिजे असा काही कायदा नाही. मी लिहिलं, ‘सावधान’ ऐकलं की या खोलीतला दिवा लावायचा. ‘विश्राम’ ऐकलं की विझवायचा. दोन्ही शब्द हिंदीतही तेच, डबीला अडचण नव्हती. गिऱ्हाइकाच्या घरून तपासल्याशिवाय मी कधी निघत नाही, पण हे मी तपासलं नाही. पहिला शब्द त्यांचाच जायला हवा होता.

मामांना दाखवलं, काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. त्यांनी माझ्याकडं संशयानं बघितलं. बाहेर अंधारून येत होतं. आत्या दारात सुपात डाळ निवडत बसल्या होत्या, माझ्याकडं पाठ करून. मामांनी डाव्या हातानं बटण दाबलं. श्वास घेतला. दोन क्षण गेले आणि माझ्या जिभेवर तो शब्द अगदी टोकाला आला. मी पदर दातांत धरला.

“सावधान,” मामा म्हणाले.

खोली उजळली. आत्या सूप टाकून उभ्या राहिल्या, डाळ सगळ्या उंबऱ्यावर. मामांनी पुन्हा बटण दाबलं. “विश्राम.” अंधार. “सावधान.” उजेड. किती वेळा केलं ते मोजलं नाही. दर वेळी उजेड झाला की आत्या दिव्याला हात जोडत होत्या. दिवेलागणीच्या पहिल्या उजेडाला हात जोडायचे असतात, आणि त्यातला पहिला कुठला ते त्यांना ठरवता येत नव्हतं. मामा हसत होते. तोंडाची उजवी बाजू खाली ओढलेली होती, तरी हसत होते. हे शेतातून आले, तर आम्ही दोघी डाळ वेचत रडत होतो आणि डोक्यावर दिवा चालू-बंद होत होता.

त्यानंतर मी थांबले नाही, ही माझी खोड. स्वयंपाकघरात दुसरी डबी बसवली. मामांनी आपल्या डबीला ‘पानी’ म्हटलं की आतली डबी ‘पानी’ म्हणायची. पंख्याला शब्द दिला, चहाला दिला. आणि घरात नियम केला, मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही. आत्यांना हे फार जड गेलं. मामा शब्द शोधत असले की त्या हात ढुंगणाखाली घेऊन बसायच्या, नाहीतर हात आपोआप तांब्याकडं जायचे. पाणी आठ दिवसांनी आलं. चहा त्याच्या आधी आला, त्यात काही नवल नाही. ‘नको’ हा शब्द त्यांनी डबीला नाही तर थेट आत्यांना म्हटला, तिसऱ्या भाकरीला, आणि नवऱ्यानं जेवण नाकारलं म्हणून आनंदानं गल्लीभर सांगत सुटलेली बाई मी आत्यांच्या रूपानं पहिल्यांदा पाहिली.

चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. काही दिवस पुन्हा सगळं ‘ते’वर यायचं. थकले की शब्द बंद. दोन शब्द जोडायचे म्हणजे मध्ये एवढा वेळ जायचा की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. आणि माणूस आलं की मामा अजूनही भिंतीकडं तोंड करायचे. डबीशी बोलायचे, आमच्याशी बोलायचे, पण उंबऱ्याबाहेरच्या माणसासमोर नाही. ते कसं बदलायचं हे माझ्या मोबाइलमध्ये कुठंच नव्हतं.

सव्वीस जानेवारीच्या तीन दिवस आधी संध्याकाळी ते पी.टी.चे सर घरी आले. मामा पलंगावर बसलेले होते, तोंड वळवायलाही वेळ मिळाला नाही. सरांनी पायांवर डोकं ठेवलं, बाजूच्या खुर्चीवर अवघडून बसले. आत्यांनी चहा आणला. मग सरांनी खिशातून शाळेची पत्रिका काढली आणि ती माझ्या हातात दिली. मामांकडं एकदा बघून हळू आवाजात मला विचारलं, “वहिनी, झेंडावंदनाला सरांना आणायची लई इच्छा हाय पोरांची. खुर्ची टाकतो पुढं. जमंल का त्यांना?”

मला सगळं एका क्षणात दिसलं. मैदानावर सगळं गाव, मामा काठीवर, कुणीतरी माइक पुढं धरणार आणि तोंडातून ‘ते, ते’. मी पत्रिका घडी करत म्हणाले, “नाही हो सर, त्यांना एवढा वेळ बसणं…”

मामांनी डावा हात वर केला. पंजा उघडा, बोटं जुळलेली.

“थांब,” ते मला म्हणाले.

मी थांबले. सरांना वाटलं मामांना काही हवंय, ते अर्धवट उठले. मी त्यांना डोळ्यांनी बसा म्हणाले.

“मी…” मामा म्हणाले, आणि पुढं काही आलं नाही. मान पुढं झाली, कपाळावर शीर उठली. सर माझ्याकडं बघायला लागले, सांगा ना तुम्हीच, असं. मी फरशीकडं बघत होते. आत्यांनी हात ढुंगणाखाली घेतले. चहावर साय धरली.

“मी… सांगतो.”

मग ते सरांकडं वळले. भिंतीकडं नाही, सरळ त्या माणसाच्या तोंडाकडं. पुन्हा किती वेळ गेला कुणास ठाऊक. आमच्यातलं कुणीच मदतीला गेलं नाही.

“येतो,” मामा म्हणाले.